चार वाजताचं रेकॉर्डिंग

मावशीला एखाद्या मालिकेचा शेवट सांगायची कुणाची छाती नव्हती. जिन्यात दोन बाया कालच्या भागाबद्दल बोलत असल्या आणि खालून मावशीच्या बुटांचा आवाज आला, की दोघी तोंडाला कुलूप लावत. नाही लावलं तर मावशी दोन्ही कानांत बोटं घालून, "सांगू नका, सांगू नका, माझं बघायचं राहिलंय!" असं ओरडत तीन मजले चढून जायची. बावन्न वर्षांची बाई, अंगात बसड्रायव्हरचा गणवेश, खांद्याला डब्याची पिशवी आणि कानांत बोटं. नव्या भाडेकरूंना पहिल्या आठवड्यात वाटायचं, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. दुसऱ्या आठवड्यात तेच दार वाजवायचे, "मावशी, रविवारचा सिनेमा तेवढा रेकॉर्ड कराल का?"

या वेडाचं मूळ तिच्या नोकरीच्या पहिल्या वर्षात होतं. टीव्हीवर तेरा भागांची एक रहस्यमालिका चालू होती. मावशीने बारा भाग जीव मुठीत धरून बघितले. तेराव्या दिवशी नेमकी संध्याकाळची पाळी लागली. ठीक आहे, उद्या कुणाला तरी शांतपणे विचारू, असं ठरवून ती दुसऱ्या दिवशी गाडीवर चढली, तर पहिल्याच थांब्यावर कंडक्टरने घंटी मारली आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "शेवटी तो माळीच निघाला हो!" त्या कंडक्टरला मावशीने आजतागायत माफ केलेलं नाही. तो निवृत्त झाला तेव्हा निरोपसमारंभाला गेली, त्याला हार घातला आणि हार घालताना म्हणाली, "माळी!"

त्या पावसाळ्यात तिने जुना व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर घेतला, आणि तेव्हापासून ती रेकॉर्ड करतेच आहे. कॅसेटी गेल्या, तबकड्या आल्या, तबकड्या गेल्या, हार्ड डिस्क आली. बस चालवणाऱ्या बाईला कुठलीच गोष्ट घडते तेव्हा बघायला मिळत नाही. तिची पाळी आणि टीव्हीवरची चांगली गोष्ट यांचं सात जन्माचं वैर. पण मावशी म्हणायची, "माझा चार वाजताचा कार्यक्रम मी दहा वाजता बघीन, पण कोराकरकरीत बघीन." म्हणून ती कुणाला शेवट सांगू देत नसे.

पैसे भरून घ्यायच्या चॅनलांना ती उभं करत नसे. गच्चीवर तिचा एक काड्यांचा अँटेना होता, त्यावर गावच्या मनोऱ्यावरून येणारे सात चॅनल लागत. शेजारी एक छत्री होती, तीत उपग्रहावरून येणारे एकशे बारा. दोन्ही फुकट. "वरून अख्खं आकाश ओतलं जातंय," ती म्हणायची, "आणि तुम्ही लोक नळाचं बिल भरताय!" फुकट ते पौष्टिक, हा तिचा धर्म. एखादा नवा चॅनल सुरू झाला की लॉटरी लागल्यासारखी ती उड्या मारत वही काढायची आणि त्याची फ्रिक्वेन्सी लिहून ठेवायची. मग तो चॅनल परक्या भाषेत दिवसभर गायी-म्हशींचा बाजार का दाखवत असेना.

तिच्या रेकॉर्डिंगच्या पेटीत मात्र एक खोड होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. त्या पेटीला स्वतःचं घड्याळ नव्हतं. ज्या चॅनलवर ती उभी असेल, त्या चॅनलकडून ती वेळ उचलायची. बहुतेक चॅनल बरोबर वेळ पाठवत. काही मात्र बेफिकीर, तासभर पुढे नाहीतर तासभर मागे. अशा चॅनलवर पेटी सोडली की तिचं घड्याळही त्याच्याबरोबर वाहवत जाई आणि चार वाजता लावलेलं रेकॉर्डिंग तीनला नाहीतर पाचला सुरू होई. म्हणून मावशीचा नियम होता. घर सोडताना पेटी हवामानाच्या चॅनलवर आणून ठेवायची. तो सेकंदाला चोख. ड्यूटी संपल्यावर गाडी डेपोत लावावी, तशी ती रोज पेटी हवामानावर लावायची आणि मगच बूट चढवायची.

घरात दुसरा माणूस म्हणजे तिचा नवरा, बाइंडर. पुस्तकं बांधायचं काम घरातच करायचा. बोटांना कायम खळ, कानावर कायम पेन्सिल. बिचारा अतिशय शांत, पण चार वर्षांपूर्वी त्याच्या हातून एक पाप घडलं होतं. टीव्हीचा आवाज कमी करायला म्हणून गेला आणि एका मालिकेचे एक्केचाळीस भाग पुसून बसला. मावशी दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून रिमोट कपाटाच्या दुसऱ्या खणात असे आणि त्या खणाकडे बाइंडर मान वर करूनही बघत नसे.

समोरच्या दारात ताई राहायची, मावशीची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून शिवणकाम करून तिने एकुलत्या एका मुलीला वाढवलं होतं. मुलीचं लाडाचं नाव चिमणी. अंगाने खरोखरच चिमणी, पण स्वतःच्या वजनाच्या दुप्पट लोखंड डोक्यावर उचलायची. वजनं उचलायच्या स्पर्धांत ती जिल्ह्यातून पुढे, पुढून आणखी पुढे अशी चालली होती आणि इमारतीला तिचा भलताच अभिमान होता.

ताई मात्र तिची स्पर्धा कधी बघत नसे. सहा वर्षांपूर्वी एकदाच पहिल्या रांगेत जाऊन बसली होती. चिमणीने बार डोक्यावर नेला, समोर बघितलं, मायलेकींची नजरानजर झाली, आणि त्याच क्षणी बार मागे गेला. चिमणीचा कोपर निखळला. ती पोर ओरडली ते ताई अजून विसरलेली नाही. त्या दिवसापासून तिने मनाशी पक्कं केलं, आपली नजर पोरीला बाधते. स्पर्धेच्या दिवशी ती शिवणयंत्रावर बसे आणि बाहेरचा शब्द ऐकू येऊ नये म्हणून इतक्या जोरात पाय मारी, की खालच्या मजल्यावर भांडी थरथरत. निकाल कळला, पोरगी धडधाकट आहे असं कळलं, की मग मावशीने केलेलं रेकॉर्डिंग बघायची. सारखं सारखं बघायची.

दोघी सख्ख्या बहिणी, दोघी रेकॉर्डिंगच बघणाऱ्या. पण एकीला शेवट कळलेला चालत नसे आणि दुसरीला शेवट कळल्याशिवाय बघवत नसे.

चिमणी आईला काही बोलायची नाही. एकदाच मावशीला म्हणाली होती, "मावशी, सगळ्यांच्या आया समोर बसलेल्या असतात गं. माझी आई दुसऱ्या दिवशी येते." मावशीने चिमणीच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि जास्तीची पोळी वाढली.

आणि आता चिमणी परदेशात गेली होती. पहिली मोठी स्पर्धा, एकवीस देशांच्या मुली. आपल्याकडचा एकही चॅनल ती दाखवत नव्हता आणि इंटरनेटवर आपल्या भागाला बंदी. मावशीने वह्या चाळल्या, तीन रात्री रिमोट घेऊन बसली आणि शोध लावलाच. एका परक्या देशाचा खेळांचा चॅनल ती दाखवणार होता. फुकट! पण वेगळ्या उपग्रहावर, पश्चिमेला, क्षितिजाच्या अगदी जवळ. त्यासाठी दुसरी छत्री हवी. तळमजल्यावरचं कुटुंब घर सोडून गेलं तेव्हा त्यांची छत्री जिन्याखाली पडली होती. मावशीने ती गच्चीवर नेली, एका मोडक्या लोखंडी खुर्चीला तारेने बांधली, खुर्चीवर चार विटा ठेवल्या आणि दोन रविवार ती छत्री केसाकेसाने फिरवत बसली. दुसऱ्या रविवारी सिग्नलच्या दर्जाची पट्टी शून्यावरून एकदम अठ्ठावन्नवर गेली आणि मावशी गच्चीवर इतक्या जोरात किंचाळली, की बाइंडरला वाटलं, ती पडली.

स्पर्धा गुरुवारी, दुपारी चार वाजता. रजा मागितली, मिळाली नाही. दोन ड्रायव्हर तापाने पडलेले. मावशीला त्याचं काही वाटलं नाही. उभी हयात असंच तर चाललं होतं. "ताई, तू काळजीच करू नकोस," ती म्हणाली. "हे रेकॉर्डिंग हुकलं तर नाव सांगणार नाही." बुधवारी झोपण्याआधी तिने शेवटचं तपासून बघितलं. चित्र असं स्वच्छ, की सायकलस्वारांच्या कपाळावरचा घाम दिसावा. मावशीने बाइंडरला ओढत आणून समोर बसवलं. परक्या भाषेतली सायकलशर्यत दोघांनी अर्धा तास तोंड उघडं टाकून बघितली. तीन पंचावन्नचं रेकॉर्डिंग लावलं, आणि सकाळी मावशी शीळ घालत कामाला गेली.

गुरुवारी दुपारी तीन अठ्ठेचाळीसला तिची बस शेवटच्या थांब्यावर लागली. पुढची फेरी चार बाराची. मावशी नियंत्रकाच्या खोपटापुढे चहाचा ग्लास घेऊन उभी राहिली. कंडक्टरलाही तिचं सगळं सांगून झालं होतं, दोनदा.

"ते भिंतीवरचं घड्याळ बघू नका हो," नियंत्रक एका नव्या ड्रायव्हरला म्हणाला. "ते मागे आहे. माझं बघा."

मावशीचा ग्लास ओठापाशीच थांबला.

घड्याळ. पेटी. काल सायकलस्वार बघता बघता तिने रेकॉर्डिंग लावलं, टीव्ही बंद केला आणि पेटी तशीच सोडली, त्या खेळांच्या चॅनलवर! सकाळीही आनंदाच्या भरात हवामानावर आणली नाही. आणि तो चॅनल तासभर मागची वेळ पाठवतो, हे तिने स्वतःच्या हाताने, लाल शाईने वहीत लिहिलं होतं. म्हणजे घरी पेटीच्या मते आत्ता कुठे पावणेतीन झाले होते. रेकॉर्डिंग सुरू होणार पाचला पाच कमी असताना. तोवर सगळं आटोपलेलं! सव्वीस वर्षांत जे कधी झालं नाही, ते आज. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच.

तिने फोन काढला.

"अहो, मी बोलतेय."

"बोल गं. मी पुठ्ठे चिकटवतोय, हात भरलेत."

"हात पुसा. कपाटाचा दुसरा खण उघडा."

बाइंडर हळूच म्हणाला, "रिमोटचा खण?"

"हो!"

"मी उघडू?"

"नाही, शेजारचा हत्ती येईल आणि उघडेल! अहो, उघडा लवकर! टीव्ही लावा, आणि रिमोटवर खाली लाल बटण आहे ते दाबा. फक्त लाल. बाकी एकालाही हात लावाल तर याद राखा."

खण उघडल्याचा आवाज आला. श्वास आला. "अगं, टीव्ही लावला. पण काळं आहे. मधे लिहिलंय, सिग्नल नाही."

मावशीने घड्याळ बघितलं. तीन चोपन्न. "गच्चीवर पळा!"

बाइंडर पळाला. फोनमध्ये चपला फटफटल्या, दार करकरलं, वारा घोंगावला. "अगं, दुसऱ्या मजल्यावरच्यांनी ब्लँकेट वाळत घातलंय. ओलंचिंब. वाऱ्याने छत्रीवर आपटतंय. छत्रीने तोंड फिरवलंय."

"कुठे?"

"पाण्याच्या टाकीकडे."

"टाकीत स्पर्धा नाहीये! ते ब्लँकेट आधी काढा, आणि छत्री परत फिरवा."

"किती फिरवू?"

तीच तर मेख होती. बोटाएवढं चुकलं तरी सिग्नल जातो. एकाने छत्री धरायची, दुसऱ्याने टीव्हीपुढे उभं राहून आलं-गेलं ओरडायचं, याला दुसरा इलाज नाही. कंडक्टर घड्याळाकडे बघत होता. मावशी म्हणाली, "ताईला बोलवा."

"ताईंना? आज?" बाइंडरचा आवाज चिरकला.

"तिला फोन द्या."

समोरचं दार उघडल्याबरोबर शिवणयंत्राचा धडधडाट फोनमध्ये घुसला. मग ताईचा आवाज. "हे बघ धाकटे, मी यायची नाही. तुला माहीत आहे. उद्या दाखव मला."

"काय दाखवू उद्या? ताई, रेकॉर्डिंगच होत नाहीये! माझी चूक झाली. मी शेण खाल्लं. पण आत्ता तू आली नाहीस तर उद्याही काही नाही आणि परवाही नाही. हा चॅनल एकदाच दाखवणार आहे."

यंत्राचं चाक फिरत फिरत थांबलं.

"मला पडदा बघायला लागेल?"

"नुसती पट्टी. सिग्नलची पट्टी."

"पट्टीच बघीन. बाकी काही बघणार नाही. जावईबापू, तुम्ही जा वर!" तिने बाइंडरला पिटाळलं.

मग मावशीने उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. मेन्यू दाब, दोनदा खाली, ओके, पुन्हा खाली. ताईने हातातलं फ्रॉकचं अस्तर टीव्हीवर टाकलं होतं. पडदा झाकलेला, फक्त खालच्या दोन पट्ट्या उघड्या. "वरची सोड," मावशी म्हणाली, "खालची बघ."

"शून्य," ताई म्हणाली. मग खिडकीकडे जाऊन ओरडली, "शून्य! जावईबापू, हलवा! अजून शून्य! बारा! बारा आले! गेले! अहो मागे या, मागे, आले होते ना!" तिचा आवाज चढत चालला होता. आयुष्यात कधी टीव्हीला हात न लावलेली बाई, पण पोरीच्या शाळेच्या दारात भांडावी तशी ती त्या पट्टीशी भांडत होती. "तीस! पंचेचाळीस! बावन्न! धरा! धरा तस्संच! श्वास घेऊ नका!"

"दाब लाल!" मावशी ओरडली. नियंत्रक खोपटातून डोकावला.

"दाबलं. काही होत नाही."

"पुन्हा दाब."

"दाबतेय गं! काही होत नाही."

आणि मावशीच्या डोक्यात प्रकाश पडला. पट्टीचा मेन्यू उघडा असताना ही पेटी रेकॉर्ड करत नाही. मेन्यू बंद केला की पट्टी जाणार. पट्टी गेली की सिग्नल आहे की नाही हे कळायचा एकच मार्ग. चार वाजून एक मिनिट झालं होतं.

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "मेन्यू बंद करावा लागेल."

"मग पट्टी?"

"पट्टी जाईल."

"मग मी बघू काय?"

"चित्र." फोनमध्ये कापड ओढल्याचा आवाज, एक बारीक टुक, आणि एकाएकी गर्दीचा गलका, परक्या भाषेतला निवेदक.

"लाल ठिपका आला," ताई म्हणाली.

मावशीने आनंदाने अशी उडी मारली, की कंडक्टरचा चहा त्याच्या सदऱ्यावर सांडला. "आलं! रेकॉर्डिंग सुरू झालं! ताई, तू ग्रेट आहेस!"

"मग मी जाते आता."

"जातेस कुठे? वारा आहे. छत्री हलली तर त्यांना वर कोण सांगणार?"

ताई म्हणाली, "आली गं. चिमणी आली. निळ्या कपड्यात. किती बारीक दिसतेय. हाताला पावडर लावतेय."

मावशीने फोन कानात रुतेल इतका दाबून धरला. निवेदकाचा आवाज खाली गेला. गर्दी गप्प. मग एक धाड्कन आवाज, आणि गर्दीचा लांबलचक सुस्कारा.

"पडला," ताई म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता. "मी सांगत होते की नाही? मी सांगत होते. मी बघितलं आणि पडला."

"लागलं का तिला?"

"नाही. उठली. गेली आत. धाकटे, मला जाऊ दे. अजून दोन वेळा आहेत. मी नसले तर उचलेल ती."

"ताई—"

"अगं, चौकोन! चित्राचे चौकोन चौकोन झाले!" आणि फोन तसाच हातात धरून ताई खिडकीकडे धावली. "जावईबापू! डावीकडे! थोडं! थोडं म्हटलं, गाव ओलांडू नका!"

नियंत्रकाने शिट्टी मारली. चार बारा. गाडीत माणसं बसली होती.

"ताई, ऐक," मावशी म्हणाली. "मला गाडी काढायची आहे. फोन बंद करतेय. थांबायचं का जायचं, ते तुझं तू ठरव."

कंडक्टर म्हणाला, "मावशी, फोन माझ्याकडे द्या. मी मागे बसून ऐकतो. काय झालं ते हळूच सांगतो."

"अजिबात नाही. सव्वीस वर्षांत या गाडीने कुणाला खरचटवलेलं नाही. बातमी ऐकून माझा पाय ब्रेकवरून सुटला तर? आणि तुमची कंडक्टरांची जात मला चांगली माहीत आहे." फोन बंद करून तिने डब्याच्या पिशवीत तळाशी टाकला आणि गाडी सुरू केली.

एकोणचाळीस मिनिटांची फेरी. मावशीला ती एकोणचाळीस तासांची वाटली. बाजारापाशी हातगाड्या, शाळेपाशी रिक्षा, पुलाच्या तोंडाशी एक ट्रक आडवा. हात आपोआप गिअर टाकत होते, डोळे आरशात जात होते, पण मन घरी टीव्हीपुढे होतं. आत्ता दुसरी वेळ असेल. ताई असेल का? गेली असेल. यंत्रावर बसली असेल. मग चौकोन झाले तर? बाइंडर एकटा छत्री कवटाळून उभा, आणि पेटी बिचारी चौकोन रेकॉर्ड करतेय. प्रत्येक लाल दिव्याला मावशी पुटपुटायची, "डावीकडे, थोडं." मागच्या सीटवरच्या आजींनी विचारलं, "बाई, रस्ता चुकलात का?"

डेपोत गाडी लावून, कागद देऊन ती निघाली. फोन पिशवीत बंदच होता. सुरू करायचा मोह झाला, पण नाही. जे काय असेल ते कोरंकरकरीत. घरापर्यंत ती जवळजवळ पळालीच. जिन्यात दुसऱ्या मजल्यावरची बाई दारात हात जोडून उभी. "मावशी, माफ करा हो, ब्लँकेट माझंच. पण तुमच्या चिमणीने काय—"

"सांगू नका!" मावशीची बोटं कानांत गेली.

घरी बाइंडर खुर्चीत ताठ बसला होता, मानेला गरम पाण्याची पिशवी. चेहरा कोऱ्या पुठ्ठ्यासारखा. त्याला बायकोचा नियम पाठ होता.

"ताई कुठे?"

"त्यांच्या घरी."

समोरून शिवणयंत्राचा आवाज येत नव्हता. जिंकली असती तर ताई एव्हाना दारात आली असती. हरली तर? पुन्हा कोपर? तिने रिमोट घेतला. बूटही काढले नाहीत.

यादीत एक रेकॉर्डिंग होतं. एक तासाचं. तिने लावलं.

पहिली खेप स्वच्छ आली. बार पडला, चिमणी उठून आत गेली आणि चित्राचे चौकोन झाले. मग चित्र लागलं. इतर देशांच्या मुली आल्या, उचलून गेल्या. चिमणी दुसऱ्यांदा आली. बार खांद्यापर्यंत झकास आला, तिथून वर गेला, आणि डावी टाच सरकली. पुन्हा धाड्कन. मावशीने स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. बाइंडर छताकडे बघत होता.

तेवढ्यात मावशीच्या एक गोष्ट लक्षात आली. सव्वीस वर्षं रेकॉर्डिंगं बघणाऱ्या डोळ्यांनाच ती दिसावी. चित्र मधूनमधून फुटायला लागत होतं. कोपऱ्यात एखादा चौकोन, निवेदकाच्या आवाजात एखादी खरखर. पण दर वेळी दोन-तीन सेकंदांत लगेच ठीक होत होतं. एकदा नव्हे, नऊ-दहा वेळा. गच्चीवरच्या माणसाला चित्र दिसत नाही. त्याला कुणीतरी खिडकीतून सांगितल्याशिवाय हे होणं शक्य नाही. पहिल्या खेपेनंतरही कुणीतरी तिथे होतं. दुसरी पडल्यानंतरही.

मावशीने मान वळवली. ताई दारात उभी होती.

"काही सांगू नकोस," मावशी घाईघाईने म्हणाली.

"नाही सांगत," ताई म्हणाली. आवाज असा बसला होता, की शब्द फुटत नव्हता.

चिमणी तिसऱ्यांदा आली. शेवटची संधी. हात घासले, वाकली, बार धरला आणि नुसती थांबली. इतकी थांबली, की मावशीला वाटलं, रेकॉर्डिंग अडकलं. मग एका झटक्यात बार खांद्यावर. गाल फुगलेले, मानेच्या शिरा टरारलेल्या. एक श्वास. दुसरा. आणि वर! पाय पुढे-मागे फाकले, थरथरले, एक पाऊल आत आलं, दुसरं आत आलं, आणि ती एवढीशी पोरगी एवढं लोखंड डोक्यावर घेऊन खांबासारखी उभी राहिली. पंचांचे तीन पांढरे दिवे लागले.

"उचललं!" मावशीने बाइंडरला कडकडून मिठी मारली. "अहो, उचललं!"

"मान! माझी मान!"

पडद्यावर नावं आली. तिसरी! एकवीस देशांत तिसरी! मावशी बुटांनिशी नाचली, खालच्या मजल्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. इमारतीत सगळ्यांना केव्हाच कळलं होतं. तिच्यासाठी सगळे गप्प बसले होते.

नाच संपला तेव्हा मावशीने पिशवीच्या तळातून फोन काढून सुरू केला, आणि तो लगेच वाजला. चिमणी. मागे गलका, हसणं, कुणीतरी गातंय.

"मावशी! कधीची लावतेय! बघितलंस? रेकॉर्डिंग झालं ना नीट?"

"झालं गं माझी वाघीण! आत्ताच बघितलं!"

"मग उद्या आईला दाखव हं. आणि पडला त्या दोन्ही वेळा पुढे पळव. उगाच घाबरेल."

मावशी काही बोलणार, तोच ताईने तिच्या हातातून फोन घेतला.

"दुसऱ्या वेळी डावी टाच सरकली तुझी," ताई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तिसऱ्या वेळी थांबलीस, ते बरं केलंस."

पलीकडचा गलका लांब गेला; चिमणी बाजूला आली होती.

"आई? एवढ्यात रेकॉर्डिंग बघून झालं तुझं?"

"रेकॉर्डिंग नाही. तू उचलत होतीस तेव्हाच बघत होते. तिन्ही वेळा."

चिमणीने विचारलं, लहान असताना विचारायची त्या आवाजात, "दोनदा पडला, तरी थांबलीस?"

"हो," ताई म्हणाली. "दोनदा पडला, तरी."